सुपरमॅन (१९७८ चित्रपटाचे पार्श्वसंगीत)

सुपरमॅन या १९७८ साली प्रदर्शित झालेल्या इंग्रजी चित्रपटाचे पार्श्वसंगीत अमेरिकन संगीतकार जॉन विल्यम्स यांनी रचले व स्वतःच्या संचालनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. अतिमानवी नायकाच्या चित्रपटासाठी रचलेल्या वाद्यवृंदीय संगीताचा हा आद्य आदर्श समजला जातो. चित्रपटाबरोबर प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेत या संगीताचा काही भागच समाविष्ट होता. उर्वरित भाग सुमारे दोन दशके श्रोत्यांना स्वतंत्रपणे ऐकता आला नाही. २००० सालापासून मूळ ध्वनिफितींचा शोध, त्यांची दुरुस्ती व पुनर्संचयन (रिस्टोरेशन) करून या संगीताच्या क्रमाक्रमाने अधिक पूर्ण आवृत्त्या प्रसिद्ध होत गेल्या. प्रस्तुत लेखात या संगीताची रचना, त्याच्या पुनर्संचयनाचा इतिहास व पद्धती आणि पुनर्संचयित आवृत्तीविषयी श्रोत्यांना वाटणाऱ्या ओढीची कारणे यांचा परिचय करून दिला आहे.

पार्श्वभूमी

सुपरमॅन हे पात्र जून १९३८ असा दिनांक असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स' या चित्रकथा-मासिकाच्या पहिल्या अंकातून वाचकांसमोर आले. जेरी सीगल यांनी त्याची कथा लिहिली, तर जो शुस्टर यांनी चित्रे काढली. त्यानंतर नभोवाणी, व्यंगपट, चित्रपटमालिका व दूरचित्रवाणी या माध्यमांतून हे पात्र लोकप्रिय झाले. तथापि मोठ्या खर्चाचा व गंभीरपणे रचलेला पूर्ण लांबीचा चित्रपट १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच आकारास आला. अलेक्झांडर व इल्या साल्काइंड या पितापुत्रांनी पिएर स्पेंग्लर यांच्यासह त्याची निर्मिती केली. दिग्दर्शन रिचर्ड डॉनर यांचे होते. क्रिस्टोफर रीव्ह (सुपरमॅन), मार्गो किडर (लोइस लेन), जीन हॅकमन (लेक्स लूथर) आणि मार्लन ब्रँडो (जोर-एल) यांनी प्रमुख भूमिका केल्या. चित्रपट डिसेंबर १९७८ मध्ये प्रदर्शित झाला.

त्या काळातील हॉलिवूडच्या संगीताची स्थिती येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड, मॅक्स स्टायनर आदी रचनाकारांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली पूर्ण वाद्यवृंदाची परंपरा १९६० नंतर मागे पडली होती. निर्माते लोकप्रिय गीते, जॅझ किंवा लहान वाद्यसंच यांना पसंती देत होते. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील विल्यम्स यांच्या संगीताने ती जुनी परंपरा पुन्हा प्रतिष्ठेस आणली. 'सुपरमॅन'चे संगीत हे त्या पुनरागमनातील पुढचे महत्त्वाचे पाऊल होय.

संगीतकाराची निवड

डॉनर यांच्या आधीच्या 'द ओमेन' (१९७६) या चित्रपटाला जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत होते व त्यासाठी गोल्डस्मिथ यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला होता. साहजिकच 'सुपरमॅन'साठीही प्रथम त्यांचीच निवड झाली होती. परंतु वेळापत्रक न जुळल्यामुळे त्यांना हे काम करता आले नाही आणि ते विल्यम्स यांच्याकडे आले. पुढे १९८४ साली आलेल्या 'सुपरगर्ल' या चित्रपटाला गोल्डस्मिथ यांनी संगीत दिले, हा एक योगायोगच म्हणावा लागेल.

ध्वनिमुद्रण

संगीताचे ध्वनिमुद्रण १९७८ सालच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील डेनहॅम येथील अँव्हिल स्टुडिओत झाले. अलेक्झांडर कोर्डा यांनी १९३० च्या दशकात उभारलेल्या चित्रपट-संकुलातील हा स्टुडिओ प्रशस्त सभागृहासाठी व त्यातील भरदार प्रतिध्वनीसाठी प्रसिद्ध होता. 'स्टार वॉर्स'चे संगीतही येथेच मुद्रित झाले होते. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी एरिक टॉमलिन्सन यांनी सांभाळली, तर विल्यम्स यांच्या आराखड्यांवरून वाद्यवृंदासाठी विस्तार करण्याच्या कामात हर्बर्ट स्पेन्सर व आर्थर मॉर्टन यांचे साहाय्य झाले. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख ट्रम्पेटवादक मॉरिस मर्फी हे होते. त्यांच्या खणखणीत व निर्मळ स्वराचा ठसा या संगीतावर स्पष्टपणे उमटलेला आहे.

मुख्य शीर्षकसंगीत पहिल्यांदा पडद्यावरील चित्राबरोबर वाजवले गेले तेव्हा आपण आनंदाच्या भरात ओरडत पुढे धावलो आणि त्यामुळे चालू असलेले मुद्रण वाया गेले, अशी आठवण डॉनर यांनी पुढे अनेकदा सांगितली. विषयातील तीन स्वरांचा ठोसा नायकाच्या नावाची तीन अक्षरे उच्चारतो आहे, असे त्यांना त्या क्षणी वाटले होते.

संगीतरचना

विल्यम्स यांनी या चित्रपटासाठी जर्मन संगीतकार रिचर्ड वॅग्नर यांच्या संगीतनाट्यांतून रूढ झालेली 'लाइटमोटिफ' ही पद्धत वापरली आहे. या पद्धतीत प्रत्येक प्रमुख पात्राला, स्थळाला किंवा भावनेला एक ठरावीक स्वरवाक्य दिले जाते आणि कथा पुढे सरकते तसतसे ते स्वरवाक्य रूप बदलत पुन्हा पुन्हा येते. ही स्वरवाक्ये ओळखता येऊ लागली की संगीत कथेविषयी काय सांगत आहे हे श्रोत्याला शब्दांवाचून कळू लागते.

*तुतारी व कूच*

चित्रपटाचे प्रारंभिक संगीत दोन भागांचे आहे. आधी ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांवरील तुतारीसदृश आवाहन येते. त्याखाली खर्जातील तंतुवाद्ये एकच तालबद्ध आकृती न थकता वाजवत राहतात. त्यातून हळूहळू ताण वाढतो आणि मग पूर्ण वाद्यवृंदात मुख्य कूचगीत उसळून येते. त्याची स्वररचना षड्ज व पंचम यांमधील झेपेवर आधारलेली आहे. हे अंतर अत्यंत स्थिर व सुसंवादी असल्याने त्यातून सामर्थ्य व निःशंकता व्यक्त होते. प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग करणाऱ्या लयीमुळे, म्हणजे भारतीय परिभाषेत तिस्र जातीच्या गतीमुळे, हे कूच सैनिकी संचलनासारखे जड न वाटता पुढे झेपावत असल्याचा भास होतो.

शीर्षकदृश्याच्या रचनेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पडदा उघडतो, एका लहान मुलाच्या आवाजात १९३८ च्या चित्रकथेचे वाचन होते, आणि त्यानंतर निळसर अक्षरांतील नावे अवकाशातून झेपावत येतात. ही नावे संगीताच्या आघातांशी जुळवलेली आहेत. मराठी संगीत नाटकातील नांदी जशी पुढील प्रयोगासाठी प्रेक्षकांचे मन तयार करते, तसेच कार्य हे शीर्षकसंगीत करते. पडद्यावर नायक दिसण्यास अद्याप बराच अवकाश असतो, परंतु तो कोण आहे हे श्रोत्याला आधीच उमगलेले असते.

*क्रिप्टॉन ग्रहाचा विषय*

नायकाच्या जन्मग्रहाला विल्यम्स यांनी उदात्त व काहीसा थंड विषय दिला आहे. खोल खर्जापासून सुरू होऊन एकेक वाद्यसमूह त्यात मिसळत जातो आणि शेवटी पितळी वाद्यांच्या तेजस्वी सुरावटीत त्याची परिणती होते. रिचर्ड श्ट्राउस यांच्या 'आल्सो श्प्राख त्सारातुस्त्रा' या रचनेच्या प्रारंभाची आठवण अनेक अभ्यासकांना येथे होते. ग्रहाच्या विनाशाच्या प्रसंगी या विषयात मानवी आवाजांचा समूह मिसळतो.

*स्मॉलव्हिलचे संगीत*

पृथ्वीवर आलेले बालक कॅन्सस राज्यातील शेतकरी दांपत्याकडे वाढते. या भागातील संगीताची शैली पूर्णपणे वेगळी आहे. मोकळ्या स्वरांतरांचा वापर, काष्ठवाद्ये व तंतुवाद्ये यांची संथ वाटचाल आणि विस्तीर्ण माळरानाचा भास यांमुळे अमेरिकन रचनाकार ॲरन कोपलंड यांच्या शैलीशी त्याचे नाते जाणवते. वडिलांच्या मृत्यूनंतर तरुण क्लार्क पहाटे गव्हाच्या शेतात आईचा निरोप घेतो, त्या प्रसंगाचे संगीत या संपूर्ण कृतीतील सर्वांत भावपूर्ण भागांपैकी एक मानले जाते.

*प्रेमविषय*

सुपरमॅन व लोइस लेन यांच्या नात्यासाठी रचलेला विषय शीर्षकसंगीताच्या मध्यभागीही ऐकू येतो. रात्रीच्या आकाशातील त्यांच्या उड्डाणाच्या प्रदीर्घ प्रसंगात त्याचा पूर्ण विस्तार होतो. या विषयावर लेस्ली ब्रिकस यांनी शब्द लिहिले. चित्रपटात ते गायले गेले नाहीत. मार्गो किडर यांनी मनोगतासारखे उच्चारले आहेत. पुढे मॉरीन मॅकगव्हर्न यांनी हेच शब्द गीताच्या रूपात गायले.

*खलनायकांचे कूच*

लेक्स लूथर व त्याचा गबाळा साहाय्यक ओटिस यांच्यासाठी डौलदार पण खट्याळ कूच योजले आहे. मंद्र वाद्यांची तोऱ्यातील चाल व मधूनच येणारी काष्ठवाद्यांची टवाळी यांमुळे खलनायकाचा अहंकार व त्याच्या भोवतालचा विनोद ही दोन्ही अंगे एकाच वेळी दिसतात.

मूळ ध्वनिमुद्रिका व तिच्या मर्यादा

१९७८ साली वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सने दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. त्या काळच्या मानाने ती मोठी होती. तरीही तिच्यात तीन प्रकारच्या मर्यादा राहिल्या.

पहिली मर्यादा लांबीची. तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या वेळेला तांत्रिक सीमा असल्यामुळे अनेक प्रसंगांचे संगीत वगळावे लागले व काहींचे भाग एकत्र जोडावे लागले. दुसरी मर्यादा क्रमाची. श्रवणीयतेच्या दृष्टीने भागांचा क्रम बदलला होता. उदाहरणार्थ, प्रेमविषयाचे मैफलीसाठी केलेले रूप क्लार्कने घर सोडण्याच्या संगीताआधीच येते. कथेत तर त्या वेळी नायिकेची भेटही झालेली नसते. तिसरी मर्यादा पुढे उद्भवली. हे संगीत पहिल्यांदा एका कॉम्पॅक्ट डिस्कवर आले तेव्हा जागेअभावी मूळ तबकड्यांवरील दोन भाग गाळण्यात आले. त्यामुळे नव्या माध्यमातील आवृत्ती जुन्या आवृत्तीपेक्षाही अपुरी ठरली.

ध्वनिमुद्रिकेचे असे संपादन हा निष्काळजीपणा नव्हता, हे येथे नमूद करावयास हवे. विल्यम्स हे आपल्या चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रिकेकडे स्वतंत्र मैफलीसारखे पाहत आणि त्यानुसार भागांची निवड व जुळणी करीत. म्हणून १९७८ ची ध्वनिमुद्रिका व चित्रपटातील संगीत या एकाच सामग्रीच्या दोन निरनिराळ्या कृती आहेत.

पुनर्संचयनाचा इतिहास

*१९९८ : नव्याने केलेले वादन*

व्हारेज साराबांद या संस्थेने १९९८ साली रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून, जॉन डेबनी यांच्या संचालनाखाली, हे संगीत पुन्हा वाजवून घेतले व दोन डिस्कच्या संचात प्रसिद्ध केले. आधी अप्रकाशित राहिलेले अनेक भाग या संचामुळे प्रथमच स्वच्छ ध्वनीत ऐकता आले. अर्थात हे पुनर्वादन होते. मूळ वादकांचा सूर, मूळ सभागृहाचा प्रतिध्वनी आणि संगीतकाराची स्वतःची लय यांपैकी काहीही पुनर्वादनात परत मिळवता येत नाही.

*२००० : मूळ मुद्रणाची पहिली विस्तृत आवृत्ती*

चित्रपटाची सुधारित आवृत्ती तयार करण्याचे काम याच सुमारास सुरू होते. त्या निमित्ताने संगीताच्या मूळ मुद्रणाचा शोध घेतला गेला आणि २००० साली ऱ्हायनो या संस्थेने दोन डिस्कचा संच प्रसिद्ध केला. त्यात संगीत प्रथमच कथेच्या क्रमाने व जवळजवळ पूर्ण स्वरूपात आले. चित्रपटात न वापरलेली काही पर्यायी रूपेही त्यात होती.

*२००८ : संपूर्ण मालिकेचा संच*

फिल्म स्कोअर मंथली या नियतकालिकाच्या प्रकाशन-विभागाने २००८ साली आठ डिस्कचा संच काढला. १९७८ ते १९८८ या काळातील सुपरमॅनविषयक संगीत त्यात एकत्र करण्यात आले : मूळ चित्रपट, केन थॉर्न यांनी विल्यम्स यांच्या विषयांवरून सिद्ध केलेले दुसऱ्या व तिसऱ्या चित्रपटाचे संगीत, अलेक्झांडर करेज यांनी सिद्ध केलेले चौथ्या चित्रपटाचे संगीत, आणि १९८८ च्या व्यंगचित्रमालिकेसाठी रॉन जोन्स यांनी दिलेले संगीत.

*२०१९ : चाळिसाव्या वर्षाची आवृत्ती*

चित्रपटाला चाळीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने ला-ला लँड रेकॉर्ड्सने २०१९ च्या आरंभी तीन डिस्कची मर्यादित आवृत्ती काढली. तिची निर्मिती माइक मॅटेसिनो यांनी केली. विल्यम्स यांच्या अनेक जुन्या संगीतकृतींच्या पुनर्संचयनाचे काम मॅटेसिनो यांनी केलेले आहे. या आवृत्तीत चित्रपटातील संगीत आणि १९७८ ची मूळ ध्वनिमुद्रिका यांना स्वतंत्र स्थान देण्यात आले, त्यामुळे दोन्ही कृती शेजारीशेजारी ठेवून ऐकणे शक्य झाले.

पुनर्संचयनाची पद्धती

जुन्या चित्रपटसंगीताचे पुनर्संचयन म्हणजे केवळ आवाज 'साफ' करणे नव्हे. त्यात ग्रंथसंपादनातील पाठचिकित्सेशी मिळतेजुळते असे अनेक टप्पे असतात.

*शोध* : चुंबकीय फितींच्या काळात एकाच वादनाच्या अनेक प्रती तयार होत असत. वादनाच्या वेळी केलेली बहुपथी फीत ही मूळ होय. तिच्यावर निरनिराळ्या वाद्यसमूहांचे ध्वनी वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात. तिच्यावरून कमी पट्ट्यांचे मिश्रण, त्यावरून चित्राशी जुळवलेली प्रत, त्यावरून ध्वनिमुद्रिकेची प्रत अशी वंशावळ वाढत जाते. प्रत्येक प्रतीगणिक फितीची सरसर वाढते व सूक्ष्म तपशील पुसट होतात. त्यामुळे मूळ पिढीची फीत शोधणे हे पहिले व सर्वांत निर्णायक काम असते. या फिती निर्मिती-संस्था, ध्वनिमुद्रण-कंपनी व स्टुडिओ यांच्या कोठारांत विखुरलेल्या असतात आणि पुष्कळदा त्यांच्या डब्यांवरील नोंदी अपुऱ्या किंवा चुकीच्या असतात.

*भौतिक उपचार* : ॲसिटेट पायाच्या फितींना कालांतराने शिरक्यासारखा वास येऊ लागतो. पायातील रसायनाचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल बाहेर पडत असल्याचे ते लक्षण आहे. अशी फीत आक्रसते व वाकडी होते. १९७० च्या दशकानंतरच्या अनेक फितींमध्ये चुंबकीय कणांना धरून ठेवणारा लेप हवेतील आर्द्रता शोषून चिकट होतो आणि फीत यंत्रावर चालवताच लेप खरवडून निघण्याचा धोका असतो. अशा फिती सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सियस तापमानात काही तास नियंत्रितपणे तापवतात. त्यानंतर त्या काही काळ सुरक्षितपणे वाजवता येतात. त्या अवधीतच त्यांचे अंकीय रूपांतर करून घ्यावे लागते.

*रूपांतर* : फीत वाजवताना यंत्राच्या शीर्षाचा कोन, फितीची गती आणि मूळ मुद्रणात वापरलेली ध्वनिकपात-प्रणाली यांचा अचूक मेळ घालावा लागतो. गतीत किंचित फरक पडला तरी संपूर्ण संगीताची पट्टी वर-खाली होते. कोन चुकल्यास झांजांसारख्या वाद्यांची लखलख हरवते.

*जुळणी* : चित्रपटात ऐकू येणारा एखादा भाग पुष्कळदा तीन-चार वेगवेगळ्या वादनांचे तुकडे जोडून बनवलेला असतो. संपादकाला मुद्रणाच्या वेळच्या नोंदी, स्वरलिपी व प्रत्यक्ष चित्रपट यांची तुलना करून कोणत्या वादनाचा कोणता तुकडा वापरला गेला हे निश्चित करावे लागते.

*मिश्रण व शुद्धीकरण* : शेवटी वाद्यसमूहांचा समतोल साधून खटके, गुणगुण व सरसर कमी केली जाते. येथे संयमाची फार आवश्यकता असते. सरसर पूर्णपणे काढण्याच्या प्रयत्नात सभागृहाचा प्रतिध्वनी व वादकांच्या श्वासाचा स्पर्शही निघून जातो आणि संगीत निर्जीव वाटू लागते.

पुनर्संचयित संगीताचे आकर्षण

हे संगीत चित्रपटात उपलब्ध असताना आणि त्याची मूळ ध्वनिमुद्रिकाही मिळत असताना श्रोते पुन्हा पुन्हा नवी आवृत्ती का घेतात, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याची काही कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

*झाकलेले ऐकू येणे.* चित्रपटाच्या अंतिम ध्वनिमिश्रणात संवादाला अग्रक्रम असतो, त्यानंतर परिणामध्वनी व शेवटी संगीत. क्रिप्टॉनच्या विनाशाच्या प्रसंगी कोसळणाऱ्या स्फटिकांच्या आवाजाखाली समूहगायनाचा बराचसा तपशील हरवतो. क्षेपणास्त्रांचा पाठलाग व पृथ्वीला उलट फिरवण्याचा प्रसंग यांतही तसेच घडते. संगीतकाराने लिहिलेली व वादकांनी परिश्रमपूर्वक वाजवलेली कितीतरी स्वरवाक्ये प्रेक्षकांच्या कानापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. पुनर्संचयित आवृत्तीत ती प्रथमच स्पष्ट होतात.

*रचनेचा आलेख दिसणे.* संगीत कथेच्या क्रमाने ऐकले असता विषयांची वाढ लक्षात येते. क्रिप्टॉनचा भव्य विषय, मग प्रवास, मग माळरानाचे शांत सूर आणि त्यानंतरच नायकाचे पूर्ण कूच या क्रमाला अर्थ आहे. नायकाचे सामर्थ्य कोठून आले आणि त्याची माणुसकी कोठे घडली, याचे उत्तर विल्यम्स यांनी स्वरांतून दिले आहे. क्रम बदलला की ते उत्तर विस्कळीत होते.

*सभागृहाची साक्ष.* अँव्हिल स्टुडिओ १९८० साली बंद झाला व पुढे ती वास्तूही राहिली नाही. त्या सभागृहातील प्रतिध्वनी आता केवळ अशा मुद्रणांतच शिल्लक आहे. मॉरिस मर्फी यांचेही २०१० साली निधन झाले. मूळ फितींवरून केलेल्या आवृत्तीत ते स्थळ व ते वादक यांची प्रत्यक्ष उपस्थिती जाणवते. याच कारणाने १९९८ चे पुनर्वादन तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही मूळ मुद्रणाची मागणी संपली नाही.

*निर्मितिप्रक्रियेचे दर्शन.* नाकारलेली व पर्यायी रूपे ऐकल्याने संगीतकार अंतिम रूपापर्यंत कसा पोहोचला हे समजते. उड्डाणप्रसंगाचे शब्दविरहित रूप ऐकले की वाद्यांची गुंफण स्वतंत्रपणे किती समर्थ आहे हे ध्यानात येते. एखाद्या कवीच्या हस्तलिखितातील खाडाखोड पाहून वाचकाला जो आनंद होतो, त्याच जातीचा हा आनंद आहे.

*स्मृती.* बालपणी चित्रपटगृहात ऐकलेले संगीत अनेकांच्या मनात आठवणीच्या रूपाने राहिलेले असते. चित्रपट घरी पाहण्याची सोय सर्वत्र पोहोचण्यापूर्वी त्या अनुभवाकडे परत जाण्याचे साधन म्हणजे ध्वनिमुद्रिकाच होती. तिच्यात नसलेला एखादा लहानसा भाग दोन दशकांनी ऐकावयास मिळणे हे त्या पिढीतील श्रोत्यांच्या दृष्टीने हरवलेली वस्तू सापडण्यासारखे ठरले.

आक्षेप व मर्यादा

पुनर्संचयित आवृत्त्यांविषयी काही गंभीर आक्षेपही घेतले जातात. संपूर्ण संगीत एकापाठोपाठ ऐकताना विषयांची पुनरावृत्ती कंटाळवाणी होते आणि चित्राच्या आधाराशिवाय काही लहान भाग अपुरे वाटतात, असे काही समीक्षकांचे मत आहे. त्यांच्या दृष्टीने संगीतकाराने स्वतः निवडून सिद्ध केलेली मूळ ध्वनिमुद्रिका हीच अधिक परिपूर्ण कलाकृती होय.

दुसरा आक्षेप 'मूळ' या संकल्पनेविषयी आहे. बहुपथी फितीवरून नव्याने मिश्रण करताना वाद्यसमूहांचा समतोल आजचा संपादक ठरवतो. तो समतोल १९७८ मधील अंतिम मिश्रणाहून भिन्न असू शकतो. असे झाले तर ऐकू येते ते पुनर्संचयन की नवा अन्वयार्थ, हा प्रश्न उरतो. चित्रपटाच्या बाबतीत याचा प्रत्यय येऊन गेला आहे. २००१ साली डीव्हीडीवर आलेल्या विस्तारित आवृत्तीत अनेक परिणामध्वनी नव्याने घालण्यात आले, तेव्हा मूळ ध्वनिपट बदलल्याबद्दल पुष्कळ रसिकांनी नाराजी व्यक्त केली होती. म्हणूनच जबाबदार संपादक मूळ मुद्रिका, चित्रपटातील रूप व पर्यायी रूपे स्वतंत्रपणे देतात आणि कोणत्या भागासाठी कोणती फीत वापरली याची नोंद पुस्तिकेत करतात.

तिसरी अडचण आर्थिक व कायदेशीर आहे. अशा आवृत्त्या मर्यादित संख्येने निघतात, हक्कधारक अनेक असतात व प्रती संपल्यावर त्या सहजी मिळत नाहीत. परिणामी जतन झालेले संगीतही सर्वसामान्य श्रोत्याच्या आवाक्याबाहेर राहण्याची शक्यता असते.

पुरस्कार व सन्मान

या संगीतासाठी विल्यम्स यांना ऑस्कर पुरस्काराचे नामांकन मिळाले. त्या वर्षीचा पुरस्कार मात्र जॉर्जिओ मोरोडर यांना 'मिडनाइट एक्सप्रेस'च्या संश्लेषक-वाद्यांवरील संगीतासाठी मिळाला. १९८० च्या ग्रॅमी पुरस्कारांत चित्रपटासाठी लिहिलेल्या मूळ संगीताचा आल्बम आणि सर्वोत्तम वाद्यरचना (शीर्षकसंगीत) असे दोन सन्मान 'सुपरमॅन'ला मिळाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ साली हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट केला.

प्रभाव

पुढील अतिमानवी नायकांच्या चित्रपटांना या संगीताने एक वळण घालून दिले. नायकाला एक ठळक, गुणगुणता येईल असा विषय असावा ही अपेक्षा त्यातून रूढ झाली. डॅनी एल्फमन यांनी 'बॅटमॅन' (१९८९) साठी दिलेल्या गडद छटेच्या संगीतातही ही अपेक्षा पूर्ण झालेली दिसते. 'सुपरमॅन रिटर्न्स' (२००६) मध्ये जॉन ऑटमन यांनी विल्यम्स यांचे विषय उघडपणे वापरले. 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) साठी हान्स झिमर यांनी जाणीवपूर्वक निराळी वाट निवडली. २०२५ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात जॉन मर्फी व डेव्हिड फ्लेमिंग यांच्या संगीतात विल्यम्स यांचा विषय पुन्हा अवतरला. चित्रपटाबाहेर हे कूच मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकेत रुळले आहे. विल्यम्स यांनी १९८० ते १९९३ या काळात बॉस्टन पॉप्स ऑर्केस्ट्राचे संचालन केले, त्याचाही या प्रसारास हातभार लागला.

चित्रपटसंगीताकडे चित्रपट प्रदर्शित झाल्यावर संपणारे उपयुक्त साहित्य म्हणून पाहिले जात असे, त्या काळातील अनेक मुद्रणे कायमची नष्ट झाली आहेत. 'सुपरमॅन'चे संगीत लोकप्रिय होते, त्याचे हक्कधारक सक्षम होते आणि ते शोधणारे रसिक चिकाटीचे होते. तरीही ते समाधानकारक रूपात परत मिळवण्यास चाळीस वर्षे लागली. चुंबकीय फितींचे आयुष्य मर्यादित असल्याने इतर संगीतकृतींना इतका अवधी मिळेलच असे नाही.

हेही पाहा

जॉन विल्यम्स
लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा
लाइटमोटिफ
पार्श्वसंगीत
चुंबकीय ध्वनिफीत